बटणचं पिवळं जॅकेट

"काकू, हे जॅकेट घालून अंघोळ केली, तर माणूस आतून कोरडा राहतो का हो?"

प्रश्न भिंगरीच्या तोंडून बाहेर पडला खरा, पण तो शिजला होता दुकानाच्या दाराबाहेर, लांबडी आणि चष्मिष या तिच्या दोन मैत्रिणींच्या डोक्यात. "विचारून दाखव, मग मानू तुला!" असं लांबडी म्हणाली होती, आणि भिंगरीला कोणी असं म्हटलं की संपलंच.

दोन महिन्यांपूर्वी हीच भिंगरी दुकानात सुट्टे मागायलासुद्धा आईच्या मागे लपायची. मग एके दिवशी शाळेत सगळ्यांसमोर सूचना वाचताना माइक बंद पडला. बाई गडबडल्या, सर वायरी हलवत बसले, आणि हिने छाती भरून श्वास घेतला आणि अख्खी सूचना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणून टाकली. टाळ्या पडल्या. तेव्हापासून तिला आपला आवाज सापडला होता आणि तो आता काही केल्या बंद होत नव्हता. घरातही तिचा भाव वधारला होता. आई-बाबांनी तिला घराची स्वतंत्र किल्ली दिली, शिलाईच्या मोठ्या मशीनवर बसायची परवानगी दिली, आणि आता तर धाकट्या बहिणीचं बर्फातलं जॅकेट निवडायचं काम तिच्यावर सोपवलं. शनिवारी आई-बाबांच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नसते. त्यांचं दुकान म्हणजे कपडे लहान-मोठे करून देण्याचं. आई मशीनवर, बाबा चेन बदलायला आणि इस्त्रीला.

"एक माप मोठं घे," आईने तोंडातली टाचणी न काढता बजावलं होतं. "दोन हिवाळे निघाले पाहिजेत. आणि रंगावर भाळू नकोस, आतून बघ."

जॅकेटच्या दुकानातल्या काकू पन्नाशीच्या, गळ्यात मोजायची टेप, नाकावर घसरलेला चष्मा. असले प्रश्न त्यांनी बहुधा रोजच ऐकले असावेत, कारण त्या हसल्यासुद्धा नाहीत.

"खुशाल कर अंघोळ," त्या म्हणाल्या. "गळ्यातून पाणी गेलं तर तुझं तू बघ, कापडातून नाही जाणार. पण जॅकेट तुला हवंय का हिला?"

'ही' म्हणजे बटण. वय वर्षं सात, उंची टेबलाएवढी, शिंप्याच्या घरात जन्मली म्हणून नाव पडलं बटण. शाळेच्या स्कीच्या, म्हणजे बर्फावरून घसरण्याच्या, छोट्यांच्या गटात तिचं नाव लागलं होतं आणि त्या दिवसापासून ती पलंगावरून उशांवर घसरायचा सराव करत होती. ती एव्हाना मांजराचे कान लावलेल्या गुलाबी जॅकेटात अर्धी शिरली होती.

"ते नको," भिंगरीने फर्मावलं. "ते पातळ आहे. बागेत फिरायचं जॅकेट आहे ते."

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग पिवळंधमक, अंड्याच्या बलकासारखं एक जॅकेट काढलं आणि उलटं करून काउंटरवर पसरलं. कमरेला आतून एक रबरी पट्टा होता, पडलं की बर्फ पाठीत शिरू नये म्हणून. टोपी हेल्मेटवरून जाईल एवढी ऐसपैस होती. हनुवटीला चेन टोचू नये म्हणून वर छोटंसं मऊ झाकण. लेबलवर दहा हजार असा आकडा होता.

"हा आकडा जितका मोठा, तितकं कापड पाण्याला जास्त वेळ दाद देत नाही," काकू म्हणाल्या. "त्या कानवाल्याचा दोन हजार आहे. ही लहान पोरं बर्फात उभी कमी आणि बसलेली जास्त असतात. म्हणून मी यांना दहाच्या खालचं देत नाही."

त्यांनी बटणला हात वर करायला लावले, उकिडवं बसवलं, पुढे वाकवलं. पाठ उघडी पडली नाही. बाह्या मात्र बोटं गिळून बसल्या.

"बाह्या लांब वाटतील. आतल्या बाजूला दुमडायच्या आणि मनगटाचा पट्टा आवळायचा. सुई मात्र लावायची नाही हं. ही बघ, प्रत्येक शिवण आतून पट्टी चिकटवून बंद केलीय. जिथे सुई गेली, तिथे पाणी गेलंच म्हणून समज. नीट ऐकलंस का?"

भिंगरीने ऐकलं होतं. कानाने ऐकलं होतं. पण त्याच वेळी चष्मिष मागे तोंड दाबून हसत होती आणि लांबडी अंघोळीचा साबण लावण्याची नक्कल करत होती. त्यामुळे भिंगरी "हो हो" म्हणाली आणि बाहेर पडल्या पडल्या दोघींना ऐकवलं, "शिंप्याच्या पोरीला सांगतात सुई लावू नको! आमच्या घरात सुई न लागलेलं कापड दाखवा आणि बक्षीस घेऊन जा!"

तिघी खो खो हसल्या. बटणही हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. ताई हसली की हसायचं, हा तिचा नियम.

घरी जॅकेटचं कौतुक झालं. आईने आतून-बाहेरून पाहिलं, पट्टा ताणून पाहिला आणि म्हणाली, "चोख निवडलंस गं! मला वाटलं होतं, फ्रिलवालं काहीतरी उचलून आणशील." भिंगरीला आभाळ ठेंगणं झालं. आणि आभाळ एकदा ठेंगणं झालं की हात शिवशिवतात.

सोमवारी बटण तोंड पाडून शाळेतून आली. गटात आणखी दोन मुलींची पिवळी जॅकेटं होती. "स्कीचे सर मला ओळखणारच नाहीत," ती म्हणाली. "आणि माझे हात कुठे गेलेत बघ."

"रडू नकोस. ताई आहे ना!"

आई-बाबांच्या दुकानात रस्त्यावर काम करणाऱ्या लोकांचे कपडे दुरुस्तीला यायचे. त्यांच्यावर लावायच्या चकाकत्या पट्टीची गुंडाळी बाबांच्या खणात असायची. भिंगरीने तिच्यातून पाच टोकांची भलीमोठी चांदणी कापली. खडूने पाठीवर खुणा केल्या. मशीनवर बसताना तिला काकूंचं बोलणं आठवलं का? तर हो, आठवलं. अगदी स्पष्ट आठवलं. चष्म्यावरून रोखलेल्या डोळ्यांसकट. पण ती मनाशी म्हणाली, दुकानदारांना काय, दोष अंगावर नको म्हणून सांगतात. आणि मारली टीप. नुसती एकेरी नाही, मजबुतीसाठी दुहेरी. मग दोन्ही बाह्या दोन-दोन बोटं आत घेऊन त्यांच्यावरही टीप मारली. टाके इतके सारखे पडले की आई येऊन मागे उभी राहिली आणि बाबांना हाक मारून म्हणाली, "अहो, इकडे या. पोरीचा हात बसला बघा!"

आईला दोष देता येत नाही. तिचं आयुष्य पडदे, गणवेश आणि लोकरी कोट यांच्यात गेलं होतं. त्या कापडांना टोचलं तर ती बिचारी मुकाट्याने बुजतात. बर्फातल्या कापडाची जात वेगळी असते, हे त्या घरात फक्त एकीला सांगितलं गेलं होतं, आणि ती एकजण त्या वेळी कौतुक खात होती.

शनिवारी सकाळी बटण निघाली तेव्हा पाठीवरची चांदणी बसच्या काचेतूनसुद्धा चमकत होती. त्या दिवशी आकाशाने धड बर्फही टाकला नाही आणि धड पाऊसही नाही. दोन्हींची भेसळ दिवसभर पडत राहिली. संध्याकाळी बस आली तेव्हा बटण सरांच्या कडेवर होती. ओठ जांभळे, दातावर दात आपटत होते. स्वेटर पाठीला चिकटला होता, बाह्यांमधून पाणी निथळत होतं.

"बाकीची पोरं पण भिजली, पण वरून," सर म्हणाले. "ही एवढी आतून कशी भिजली कळत नाही. दुपारनंतर बोललीसुद्धा नाही. पडली तरी पुन्हा उठून घसरत होती, म्हणून राहू दिलं. चुकलं माझं."

रात्रीपर्यंत ताप चढला. डॉक्टर म्हणाले, फार गार पडली, आठवडाभर घरात ठेवा.

घरात मग शोध सुरू झाला की पाणी शिरलं कुठून. बाबांना वाटलं, चेन नीट लावली नसेल. आईला वाटलं, गळ्यातून गेलं असेल. आणि बटण पांघरुणातून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मीच सारखी पडत होते. बाकीच्या एवढ्या नाही पडल्या."

भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सगळ्या शाळेला ऐकू जाणारा तिचा आवाज आता नेमका बाहेर पडत नव्हता. आत्ता सांगते, असं ती मनात म्हणाली. हिचा ताप उतरू दे, मग सांगते. आईचं काम आटपू दे, मग. बाबा जेवू देत, मग. असे करता करता तीन दिवस गेले आणि प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा जड झालं.

तिला आतून अजून एक आशा होती. कदाचित टाक्यांचा काही संबंधच नसेल! कदाचित खरंच चेन उघडी राहिली असेल! मंगळवारी दुपारी आई-बाबा दुकानात आणि बटण झोपेत असताना तिने जॅकेटात जुनी वर्तमानपत्रं चुरगळून ठासली, बाह्यांतही भरली, चेन हनुवटीपर्यंत ओढली, ते हँगरवर अडकवून बाथरूममध्ये टांगलं आणि शॉवर सोडला. वाळलेल्या कपड्यांची टोपली पालथी घालून ती समोर बसून राहिली. पंधरा मिनिटं. पिवळं जॅकेट पाण्याखाली डुलत होतं आणि थेंब त्याच्यावरून अळवाच्या पानावरून घसरावेत तसे घसरत होते. तिला वाटलं, सुटले!

मग तिने चेन उघडली.

छातीवरचा कागद कोरडा खडखडीत. पोटाचा कोरडा. खांद्यांचा कोरडा. पाठीमागचा कागद तिने अलगद बाहेर काढला, तर त्याच्यावर काळपट, ओली, पाच टोकांची चांदणी उमटलेली. जशी तिने कापली होती तश्शी. बाह्यांतल्या कागदांचा तर मनगटापाशी लगदा झाला होता.

भिंगरीने ओल्या कागदांचे बोळे करून बाजूला फेकले. पण माणूस असं चटकन हरत नाही. तिने उसवायची छोटी सुरी आणली आणि टाका टाका करून चांदणी उसवली. बाह्याही उसवल्या. धागे वेचून फेकले. झालं, कोणाला कळणार आहे? तिने जॅकेट खिडकीकडे धरलं, आणि पिवळ्या कापडातून उजेडाची बारीक बारीक टिंबं आत आली. शेकडो. दुहेरी टीप मारली होती ना, मजबुतीसाठी! नखाने घासून पाहिलं, गरम इस्त्री लांबून धरून पाहिली. एकही भोक बुजलं नाही.

"ताई, चांदणी का काढलीस?"

बटण दारात उभी होती, अंगात आईची शाल, नाक लाल.

"तू झोप ना जाऊन. का उठलीस?"

"मला माहितेय का काढलीस ते." बटण खाली बघत म्हणाली. "मी आता जाणार नाही म्हणून. काल बाबा आईला सांगत होते. मला थंडी सोसत नाही. मी नाजूक आहे. आत्यासारखी. उद्या ते सरांना फोन करून माझं नाव काढणार आहेत. यादीत एक मुलगी थांबलीय, तिला माझी जागा मिळेल." तिने शालीच्या टोकाला नाक पुसलं. "ती पडत नसेल बहुतेक."

 तीन दिवस भिंगरी आईच्या ओरडण्याला घाबरत होती. किल्ली काढून घेतील, मशीनला हात लावू देणार नाहीत, पुन्हा 'लहान' करून टाकतील, याला घाबरत होती. आणि इकडे या सात वर्षांच्या पोरीने सगळा दोष उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता आणि त्याच्यासकट शहाण्यासारखी झोपत होती.

"बटण, ये इथे. तू नाजूक बिजूक काही नाहीस."

"आहे. बाबा म्हणाले."

"बाबांना माहीत नाही. मला माहितेय." तिने जॅकेट खिडकीवर ताणून धरलं. "ही टिंबं दिसतात? ही भोकं आहेत. मी पाडलीत. त्या काकूंनी मला सांगितलं होतं सुई लावू नको म्हणून. तरी लावली. तुझ्या पाठीवर दिवसभर गार पाणी झिरपत होतं आणि तरी तू परत परत उठून घसरत होतीस. मी असते ना, तर पहिल्या तासाला भोकाड पसरलं असतं."

बटणने डोळा जॅकेटला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे मला थंडी सोसते?"

"तुला सोसते म्हणजे काय! तुझ्याएवढी कोणाला सोसत नसेल."

"आणि मी पडले म्हणून नाही?"

"सगळेच पडतात गं. पडण्यासाठीच असतं ते जॅकेट."

बटण हसली. भिंगरीला रडू येणार एवढ्यात बटणचं हसू मावळलं आणि कपाळावर आठी चढली. तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो... म्हणजे, वाटत होतं."

"मी म्हणाले मी पडत होते, तेव्हा तू दारात होतीस."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस!" बटणने ओला कागदाचा बोळा उचलला आणि नेम धरून ताईच्या तोंडावर मारला. नेम चांगला होता. दुसराही बसला. "तू एवढी बोलतेस! सगळीकडे बोलतेस! बसमध्ये पण बोलतेस! तेव्हाच नाही बोललीस!"

भिंगरीने दोन्ही बोळे तोंडावर झेलले.  एवढं खरं तिला आजवर कोणी सुनावलं नव्हतं, बाईंनीसुद्धा नाही.

बटण खोकली, धापा टाकल्या, आणि शाल आवरून पलंगाकडे निघाली. दारातून मान वळवून म्हणाली, "आईबाबांना तूच सांग. मी चुगली करत नाही. आणि आज सांग, उद्या फोन आहे."

दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. एरवी भिंगरी ते अंतर उड्या मारत तीन मिनिटांत कापायची. आज दहा लागली. शेजारच्या काकूंना बटणजवळ बसवून ती निघाली होती, जॅकेट छातीशी धरून, आणि वाटेत तिने चार वेगवेगळी भाषणं तयार केली. पहिल्यात आईने मोठं माप घ्यायला सांगितलं हा मुद्दा होता. दुसऱ्यात मैत्रिणी हसवत होत्या हा. तिसऱ्यात बटणच हट्ट करत होती हा. चौथं तिने कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी उभं राहून बनवलं आणि त्यात कोणीच नव्हतं, ती एकटी होती. ते सगळ्यांत छोटं झालं.

दुकानात इस्त्रीची वाफ भरली होती. आई कोटाची बाही उलटी करून बसली होती. बाबांच्या हातात फोन होता.

"बरं झालं आलीस," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, उद्याची वाट कशाला बघायची? सरांना आत्ताच कळवून टाकतो. पोर बिचारी..."

"बाबा, थांबा."

तिने जॅकेट आईच्या मशीनवरच्या दिव्यापुढे धरलं. कोणी काही विचारायच्या आत सांगितलं. जॅकेटवाल्या काकू काय म्हणाल्या ते, शब्दन् शब्द. आपण कशी हसलो ते. मशीनवर बसताना आठवलं होतं, तेही. शॉवरखालची चांदणी, उसवणं, तीन दिवसांचं गप्प बसणं. आवाज मोठा निघाला नाही, पण अडकलाही नाही.

आईचा पाय मशीनवरून खाली आला. तिने जॅकेट हातात घेतलं आणि भोकांवरून अंगठा फिरवला, आंधळ्याने फिरवावा तसा.

"हे मी पाहिलं होतं," ती हळू म्हणाली. "मी म्हटलं होतं, हात बसला."

"तुला माहीत नव्हतं आई. मला होतं."

"मोठं माप घे म्हणून मीच..."

"आई, नको ना. माझ्या वाट्याचं माझ्याकडे राहू दे."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते चिडले की असंच करतात, आणि मग बोलतात तेव्हा आवाज अगदी खाली असतो. "ती पोर तीन दिवस स्वतःला दोष देत पडलीय, आणि मी वर तिला नाजूक म्हणत बसलो. आणि तू सगळं बघत होतीस." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. भिंगरीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, आणि ते कोटावर पडू नये म्हणून तिने घाईने मान वळवली.

"समजा, नाव नाही काढलं," जॅकेटची घडी घालत आई म्हणाली. "पण बरी झाल्यावर ती जाणार कशी? घालणार काय?"

भिंगरीने बाहीने नाक पुसलं. मग ती सरळ उभी राहिली. शाळेत माइक बंद पडला होता तेव्हासारखा तिने छाती भरून श्वास घेतला.

"मी ठरवलंय. काढून घ्यायचं तर किल्ली घ्या, मशीन घ्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण बटणचं नाव यादीतून निघणार नाही. फोन मला द्या बाबा, सरांना मी सांगते, जॅकेट कोणी बिघडवलं आणि पोर किती दमाची आहे ते. माझं थंडीचं जॅकेट या वर्षी घ्यायचं होतं ना, ते घेऊ नका. जुन्याच्या बाह्या आखूड होतात, होऊ देत. त्या पैशांतून तिला पाहिजे ते घ्यायचं. आणि या वेळी दुकानात ती निवडेल आणि मी फक्त पिशवी धरेन."